बोगद्यात पिक्चर चालतो कसा?

मुंबईहून कोकणात जाताना रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा बोगदा लागतो. कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब, साडेसहा किलोमीटरचा. गेल्या मे महिन्यात आमची गाडी त्यात शिरली, तेव्हा समोरच्या बाकावर एक आजी मोबाईलवर जुना मराठी पिक्चर पाहत होत्या आणि शेजारी त्यांचा नातू ऑनलाइन गेममध्ये बुडाला होता. अंधार झाला, रेंज गेली आणि नातू ओरडला, "संपलं! मेलो मी!" आजींचा पिक्चर मात्र चालूच. नायिका रुसली, नायकाने समजूत काढली, अर्धं गाणं झालं आणि मग कुठे पडद्यावर ती गोल चक्री फिरायला लागली.

"माझ्या फोनला रेंज जास्त असते," आजींनी निकाल देऊन टाकला. "तुझ्या बाबाने चांगला बघून घेतलाय."

प्रवासातला शिष्टाचार म्हणून मी गप्प बसलो. रेंज दोघांचीही एकाच क्षणी गेली होती. मग तो मिनिटभराचा पिक्चर आजींना दाखवला कोणी? आणि नातवावर तीच मेहेरबानी का झाली नाही?

आधी एक हिशेब करू, कारण तो केल्याशिवाय यातलं नवल कळत नाही. फुल एचडी चित्रात १९२० आडवे आणि १०८० उभे, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा किती, हे सांगायला तीन बाइट लागतात. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रं. गुणाकार केला तर एका सेकंदाला जवळपास १५ कोटी बाइट होतात. रोजच्या २ जीबीच्या रिचार्जवर पिक्चर जसाच्या तसा पाहायचा ठरवलं, तर तेरा सेकंदांत पॅक संपेल. श्रेयनामावलीसुद्धा पुरी व्हायची नाही. प्रत्यक्षात तेवढ्या डेटामध्ये आपण पाऊण-एक तास आरामात पाहतो. म्हणजे मूळ चित्राचा दोनशेवा, अडीचशेवा हिस्साच आपल्यापर्यंत येतो आणि तरी काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. स्ट्रीमिंग म्हणजे व्हिडिओ पाठवणं, असं आपण समजतो. खरी करामत आहे ती न पाठवण्यात.

पहिली काटछाट आपल्या डोळ्यांच्या भरवशावर होते. उजेड-अंधाराच्या बाबतीत डोळा फार चिकित्सक, रंगाच्या बाबतीत बराच भोळा. म्हणून चित्राची उजेडाची नोंद ठिपक्यागणिक ठेवतात आणि रंगाची चार ठिपक्यांत मिळून एकदाच. साडीचा रंग काठाबाहेर किंचित सांडतो, पण काठाची रेघ उजेडाने नेमकी आखलेली असल्यामुळे आपल्याला पत्ता लागत नाही. निम्मं ओझं इथेच उतरलं.

दुसरी काटछाट मला सर्वांत आवडते, कारण तिच्यामागे एक माणूस आहे. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळुरूमध्ये झाला. तिथेच इंजिनिअर होऊन ते अमेरिकेला गेले आणि कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ साली त्यांनी एका गणिती युक्तीवर संशोधन करण्यासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे निधी मागितला. नकार आला. कल्पना फारच सोपी आहे, असं एका परीक्षकाचं मत पडल्याचं अहमद यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. त्यांनी काम सोडलं नाही. १९७३चा उन्हाळा विनामोबदला घालवून, टी. नटराजन हे विद्यार्थी आणि के. आर. राव हे मित्र यांच्यासह, जानेवारी १९७४मध्ये त्यांनी निबंध छापला. अवघी चार पानं. त्या युक्तीचं नाव डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म.

नावाला घाबरू नका. दिवाळीत रांगोळीचे छापे मिळतात ना, तसे ६४ छापे डोळ्यांसमोर आणा. पहिला अगदी सपाट, एकसारखा. दुसऱ्यात एका कडेकडून दुसरीकडे सावली गडद होत जाते. पुढे पट्टे वाढत, बारीक होत जातात आणि शेवटचा छापा म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी दाट बारीक जाळी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. जगातला कुठलाही असा चौकोन या ६४ छाप्यांचे कमी-जास्त दाबाचे ठसे एकावर एक उठवून तयार होतो. आता ६४ ठिपके देऊन ६४ दाब घेतले, यात वाचलं काय? तर खऱ्या चित्रांत, म्हणजे गाल, भिंत, आभाळ यांत, शेजारचे ठिपके बहुधा सारखेच असतात. त्यामुळे सगळा जोर पहिल्या चार-पाच छाप्यांवर येतो आणि बाकीच्यांचा दाब शून्याच्या जवळपास राहतो. त्याला सरळ शून्यच म्हणून टाकायचं. शून्यं पाठवायला जवळजवळ काहीच लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे सुप्रभातचे फोटोसुद्धा याच युक्तीने बारीक होतात. परीक्षकाचं म्हणणं खोटं नव्हतं, कल्पना सोपीच होती. सोपं ते किरकोळ असं त्यांना वाटलं, एवढीच चूक.

तिसरी काटछाट काळाची. कीर्तनाचा व्हिडिओ घ्या. बुवा उभे आहेत, मागे पडदा, बाजूला पेटी-तबला. पुढच्या चित्रात बदललं काय? बुवांचा हात आणि उपरण्याचं टोक. मग पूर्ण चित्र अधूनमधून, काही सेकंदांनी एकदा पाठवायचं आणि मध्ये नुसत्या सूचना द्यायच्या: मागच्या चित्रातला हा तुकडा उचल, तीन ठिपके उजवीकडे सरकव, उरलेलं तसंच ठेव. यात आणखी एक चमत्कारिक प्रकार आहे. काही चित्रं मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधाराने बांधतात. त्यासाठी पुढचं चित्र आधी पाठवावं लागतं. तुमच्या फोनमध्ये पाचवं चित्र पोचतं, मग त्याच्या आधाराने दुसरं, तिसरं, चौथं तयार होतं आणि तुम्हाला मात्र सगळी ओळीने दिसतात.

कीर्तन स्वस्तात जातं, पण जेजुरीला ही युक्ती हात टेकते. सोमवती अमावास्येला भंडारा उधळला जातो तेव्हा प्रत्येक कण आपापल्या दिशेला जातो, मागच्या चित्रातलं उचलून सरकवण्यासारखं काही उरत नाही. विसर्जनातला गुलाल, धबधबा, धो धो पाऊस यांचंही तेच. अशा वेळी पडद्यावर जे चौकोनी गठ्ठे दिसतात, तो कॅमेऱ्याचा दोष नव्हे. सूचना अपुऱ्या पडल्या म्हणून उघडे पडलेले ते चौकोन आहेत.

गाण्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. सीडीवर सेकंदाला १४,११,२०० बिट असतात. जर्मनीत कार्लहाइन्त्स ब्रँडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमपी३साठी कानाची दुबळी बाजू वापरली: ढोल-ताशा चालू असताना शेजारची बासरी ऐकू येत नाही, तर ती नोंदवायची कशाला? शिवाय मोठा आवाज झाल्यावर क्षणभर कान बहिरा होतोच, पण आवाजाच्या आधीचे काही मिलिसेकंदही तो पुसून टाकतो. कारण ऐकल्याची पावती मेंदू उशिरा फाडतो. अशा गाळणीतून सेकंदाला १,२८,००० बिटवर काम भागू लागलं. या गाळणीला छळतात ते चिपळ्यांसारखे अचानक खण्णकन वाजणारे आवाज.

आता आजींच्या पिक्चरकडे येऊ. पूर्वी दोन टॉकीजमध्ये मिळून एकच प्रिंट असली, की एकीकडे संपलेलं रीळ घेऊन पोऱ्या सायकलवरून दुसरीकडे धावायचा. हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं चालतं, तेवढ्यात पुढचं पोचलं पाहिजे. स्ट्रीमिंगही रिळांवरच चालतं, फक्त ही रिळं काही सेकंदांची असतात. पिक्चरचे असे हजारो तुकडे करून ठेवलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या भारी, मध्यम, हलक्या अशा कितीतरी आवृत्त्या असतात. यातली मला सर्वांत थक्क करणारी बाब म्हणजे कुठली आवृत्ती घ्यायची, हे बहुतेक वेळा तुमचा फोनच ठरवतो. पलीकडचा सर्व्हर किराणा दुकानदारासारखा असतो, यादीत असेल ते बांधून देतो. फोन दर तुकड्याला बघतो, मागचा यायला किती वेळ लागला, घरात साठा किती आहे. साठा भरपूर असेल तर पुढचा तुकडा भारी मागवतो, रस्ता तुंबला की हलक्यावर भागवतो. म्हणून चक्री फिरण्याऐवजी चित्र जरा धुरकट होतं आणि पुन्हा स्वच्छ होतं. ॲपलने २००९ साली आणलेली एचएलएस ही पद्धत अशीच आहे आणि तिला साधी वेबपानं देणारे सर्व्हर पुरतात. करबुडेच्या तोंडाशी आजींच्या फोनने मिनिटभराची रिळं घरात भरून ठेवलेली होती. पिक्चर पडद्यावर चालू असला, तरी त्याचं येणं कधीच थांबलं होतं.

आणि ही रिळं अमेरिकेहून येत नाहीत. जास्त मागणी असलेल्या गोष्टींच्या प्रती गिऱ्हाइकाच्या जवळ नेऊन ठेवण्याचा धंदा अकामाई या कंपनीने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू केला. नेटफ्लिक्स तर स्वतःच्या साठवणपेट्या इंटरनेट कंपन्यांना फुकट देतं. गर्दी नसलेल्या वेळी त्या नव्या मालाने भरल्या जातात आणि संध्याकाळी तुम्ही बटण दाबता तेव्हा पिक्चर बहुधा तुमच्याच शहरातून निघतो.

या व्यवस्थेची खरी परीक्षा आपल्या देशात क्रिकेट घेतं. १० जुलै २०१९, मँचेस्टर. विश्वचषकाची उपांत्य फेरी, न्यूझीलंडविरुद्ध धोनी खेळतोय, आणि हॉटस्टारवर एका वेळी अडीच कोटींहून जास्त लोक. मार्टिन गप्टिलची फेक थेट यष्टीवर बसली आणि धोनी धावबाद झाला. आपल्याला वाटेल, लोक निघून गेले, सर्व्हर सुटले. उलट अशाच क्षणाची अभियंत्यांना धास्ती असते. सामना पाहणाऱ्या सगळ्यांना तेच रीळ लागतं, ते जवळच्या पेटीतून मिळतं. पण निराश माणूस ॲप बंद करत नाही, तो मागे जाण्याचं बटण दाबतो. तिथे येतं मुखपृष्ठ, आणि ते ज्याच्या त्याच्या आवडीनुसार वेगळं, तिथल्या तिथे बनवायचं. कोट्यवधी लोकांनी एकदम दाबलेल्या त्या बटणासाठी यंत्रांची फौज आधीच उभी ठेवावी लागते. १९ नोव्हेंबर २०२३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला एका वेळी पाहणाऱ्यांचा आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला होता.

थेट प्रक्षेपणात मात्र साठा करायला माल आधी तयार व्हावा लागतो. तुकडा चित्रित होणार, बारीक होणार, पेटीत पडणार, मग फोन त्यातले दोन-तीन गोळा करून दाखवायला घेणार. आमच्या मजल्यावर एका घरी डिश आहे. त्यांच्याकडे जल्लोष होतो तेव्हा माझ्या मोबाईलवर गोलंदाज अजून धावत यायला निघत असतो. शेजाऱ्यांमुळे मला भविष्य कळतं, आणि त्याचा काडीचाही आनंद होत नाही.

राहिला नातू. त्याच्या गेममधलं चित्र त्याचा फोन स्वतःच काढत होता. बाहेरून येत होतं ते फक्त कोण कुठे उभा आहे, कोणी गोळी झाडली, एवढंच. पिक्चरच्या मानाने चिमूटभर डेटा, पण तो आत्ताचा हवा. पिक्चरचं पुढचं मिनिट आधीच तयार असतं, गेमचं पुढचं मिनिट अजून घडलेलंच नसतं. मग त्याचा साठा करणार कसा?

याहून कठीण प्रकार आहे पूर्ण गेमच स्ट्रीम करण्याचा. तुम्ही बटण दाबता, ते दूरच्या यंत्राकडे जातं, तिथे चित्र तयार होऊन, बारीक होऊन परत येतं. सेकंदाला ६० चित्रं असतील तर एका चित्राच्या वाट्याला १७ मिलिसेकंदसुद्धा येत नाहीत. इथे गाठ पडते ती निसर्गाशी. काचेच्या तंतूत प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ज्या समुद्राखालच्या केबल येऊन लागतात, त्यांतला प्रकाशही याहून वेगाने धावत नाही. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर. जाऊन येऊन निदान ३९ मिलिसेकंद, म्हणजे दोन चित्रं वाटेतच गेली. यावर युक्ती एकच, यंत्र खेळाडूजवळ आणायचं. गुगलने २०१९मध्ये स्टेडिया नावाची अशी सेवा काढली आणि जानेवारी २०२३मध्ये बंद केली. धंद्याची कारणं अनेक असतील. पण डोळा आणि कान फसवता येतात, प्रकाशाला घाई करायला लावता येत नाही.

यातलं काहीच मी आजींना सांगितलं नाही. त्यांनी डबा उघडून मला थालीपीठ दिलं होतं, आणि त्यांचा लेक चांगला फोन बघून घेतो, हेही खोटं नसावं. करबुडे बोगद्याएवढं अंतर काचेच्या तंतूतून कापायला प्रकाशाला सेकंदाचा तीस हजारावा भाग पुरतो. आमच्या गाडीला पाचेक मिनिटं लागली.