तिसऱ्या मालकाची पिकअप

टोमॅटोच्या हंगामात पिंपळगाव बसवंतच्या बाजाराबाहेर संध्याकाळी पिकअपची रांग लागते. त्यातल्या कित्येक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या. कुणी ट्रॅक्टरचे हप्ते फिटल्यावर घेतलेली, कुणी घरातले सोने गहाण ठेवून. या गाड्या ग्रामीण महाराष्ट्राचा बाजार चालवतात, म्हणून त्या विकत घेताना आणि त्यांत फेरफार करताना काय चुकते, ते नीट सांगायला हवे.

क्रेटमध्ये साधारण 20 किलो टोमॅटो बसतो. 1,700 किलो क्षमतेच्या बोलेरो पिकअपमध्ये क्रेटचे स्वतःचे वजन सोडले तरी 85 क्रेट म्हणजे भरली गाडी. पण भाडे क्रेटवर ठरते, आणि डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता तर 85 क्रेटला लागतो तेवढाच जवळपास 110 क्रेटलाही लागतो. वरचे पंचवीस क्रेट हीच खरी कमाई. हप्ता असलेल्या माणसाला हे गणित कुणी शिकवावे लागत नाही. मग गाडी मागून बसू नये म्हणून तो मिस्त्रीकडे जातो आणि सांगतो, "दोन पाटे वाढवा."

जुन्या पिकअपवर सर्वाधिक होणारा आणि सर्वांत कमी समजून घेतलेला फेरफार हाच. अनेक पिकअपच्या मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक बारीक दांडी जाते. चासी आणि ॲक्सल यांतले अंतर ती मोजते. माल भरला की चासी खाली येते, दांडी वळते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जादा दाब सोडतो. गाडी रिकामी असली की तो मागचा दाब कमी करतो, म्हणजे हलकी झालेली मागची चाके लॉक होऊन गाडी फिरत नाही. आता पाटे वाढवा. दोन टन माल भरूनही गाडी ताठ उभी राहते, मालक खूश होतो. व्हॉल्व्हला मात्र गाडी अर्धी रिकामीच वाटते. मागचे ब्रेक आळशी होतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. कसाऱ्याच्या उतारावर पुढचे ब्रेक तापून पेडल नरम पडते ते अशाने. काही गॅरेजांत यावर उपाय म्हणून दांडी तारेने वर बांधून टाकतात. मग पावसात रिकामी परतणारी गाडी ब्रेक मारताच मागून घसरते. पाटे बदलले की हा व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाने पुन्हा बसवावा लागतो, हे फार थोडे मिस्त्री सांगतात.

पाट्याने ताकद वाढते ती फक्त पाट्याची. चासी, हब, बेअरिंग आणि टायर तेच राहतात. कडक झालेल्या कमानीतून खड्ड्याचा हादरा थेट हँगरमध्ये जातो, आणि चासीला तडा जातो तोही बहुधा तिथेच. म्हणून जुनी पिकअप बघायला जाल तेव्हा बॉनेट नंतर उघडा. आधी गाडी सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर उभी करायला सांगा आणि टॉर्च घेऊन खाली उतरा. केबिनच्या मागची जागा बघा, मागच्या पाट्यांचा पुढचा हँगर बघा. बाकी चासी मातीने माखलेली आणि हातभर जागेवर ताजा काळा रंग असेल, तर तिथे बोट फिरवा. वेल्डिंगची गाठ हाताला लागते. किलोमीटरचे आकडे मागे फिरवता येतात, चासीवरची ही खूण सहसा लपत नाही.

इंजिनाचे सोपे आहे. थंड इंजिन स्वतः सुरू करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण काढून बघा. तिथून भकाभक वाफ आली तर पिस्टन-रिंग संपत आल्या. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्या गावातल्या मिस्त्रीच्या हातच्या होत्या. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो, त्यात कॅनमधले भेसळीचे डिझेल ओतले की इंजेक्टर बसलेच. स्वस्त सौदा तिथे महाग पडतो.

मराठवाड्यात उन्हाळ्यात दिसणारी पाण्याची पिकअप तर आणखी धोक्याची. 2,000 लिटरची टाकी भरली की पाण्याचेच वजन 2,000 किलो झाले. टाकी अर्धी असेल तर वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि गाडी आडवी करते. टँकरमध्ये आत आडव्या भिंती असतात, प्लास्टिकच्या टाकीत त्या नसतात.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने जादा मालाचा दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये केला, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे सोडायची नाही. शेतकऱ्याचा नाशवंत माल रस्त्यावर उतरवणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. मला विचाराल तर पाट्यांचे पैसे नव्या ब्रेक लायनरवर, चांगल्या टायरवर आणि मागच्या रिफ्लेक्टर पट्टीवर घालावेत. हौद्यात रबरी मॅट, ताडपत्रीसाठी कमानी, फाळक्याच्या नव्या कड्या हे खर्चही मालाच्या आणि माणसाच्या कामी येतात.

राहिले कागद. आपल्याकडे जुन्या पिकअपचा सौदा अजून कोऱ्या फॉर्मवरच्या सह्यांवर होतो. गाडी दोन हात फिरते, आरसीवर नाव पहिल्याचेच. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे विकली जात राहिली आणि अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंदीवर नाव असलेल्या मालकावरच आली. विकत घेणाऱ्यालाही विम्याचा दावा करताना हीच अडचण येते. म्हणून घेणाऱ्यांनो, बँकेचा बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि विकणाऱ्यांनो, फॉर्म 29 आणि 30 आरटीओत दाखल करा, नोंद बदलली का ते एमपरिवहन ॲपवर स्वतः तपासा आणि तोवर विमा चालू ठेवा.