एकट्याची दीर्घ धाव आणि प्रतिकूल हवामान

बेचाळीस किलोमीटर व 195 मीटर या मॅरेथॉनच्या अंतरापलीकडील धावेस अतिदीर्घ धाव असे म्हणता येईल. अशी धाव सोबतीवाचून, आणि तीही वादळपावसात किंवा कडक उन्हात पार पाडावयाची म्हटल्यास ती केवळ जिद्दीची परीक्षा राहत नाही. ती शरीरातील उष्णतेच्या जमाखर्चाची परीक्षा ठरते. धाराशिव जिल्ह्याच्या हवामानाच्या संदर्भात या जमाखर्चाचे स्वरूप येथे पाहावयाचे आहे.

धावण्यास दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे स्थूलमानाने एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. साठ किलोग्रॅम वजनाचा धावक ताशी आठ किलोमीटर वेगाने धावत असता त्याचा तासाचा खर्च सुमारे 480 किलोकॅलरी होतो. यातील जेमतेम चतुर्थांश भाग गतीच्या कामी येतो; उरलेल्या सुमारे 360 किलोकॅलरी उष्णतारूपाने शरीरात निर्माण होतात. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन जाताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. म्हणजे केवळ घामावरच भिस्त ठेवावयाची झाल्यास तासाला सहाशे मिलिलिटरहून अधिक घामाची वाफ व्हावयास हवी. घाम नुसता ओघळून गेला तर त्याने शरीर निवत नाही, ही गोष्ट येथे महत्त्वाची होय.

बालाघाटच्या पठारावर मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. परंतु हवा कोरडी असल्याने घाम त्वरित सुकतो. जूनच्या आरंभी तापमान काही अंशांनी उतरते, तथापि हवेतील बाष्प वाढते व घाम सुकेनासा होतो. म्हणून चौतीस अंशांचा ढगाळ, दमट दिवस चाळीस अंशांच्या कोरड्या दिवसाइतकाच, किंबहुना अधिकही घातक ठरू शकतो. धावकाने केवळ साध्या तापमापकावर विसंबू नये. ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापकाचा आकडा अधिक बोलका असतो. यॅग्लू व मिनार्ड यांनी 1957 साली अमेरिकी सैनिकी प्रशिक्षणकेंद्रांसाठी मांडलेल्या उष्मादर्शक मानात याच आकड्याला सर्वाधिक महत्त्व आहे.

याच्या उलट टोकाचे संकट भिजण्यातून उद्भवते. 1964 च्या मार्चमध्ये इंग्लंडातील डर्बीशायर परगण्यात ‘फोर इन्स’ नावाच्या दीर्घ पदयात्रेत पाऊस व वारा यांनी गाठलेले तीन तरुण दगावले. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी या घटनेचा अभ्यास करून दाखवून दिले की, भिजलेल्या कपड्यांची उष्णतारोधक शक्ती वाऱ्यात अल्पांशावर येते. त्यात थकव्याची भर पडते. स्नायू व यकृत यांतील ग्लायकोजेनचा साठा दीड ते दोन हजार किलोकॅलरींच्या आसपासच असतो. तो सरला व खाणे कमी पडले की वेग मंदावतो, उष्णतेची निर्मिती घटते, आणि बाहेरचा ऱ्हास मात्र तसाच चालू राहतो. 22 मे 2021 रोजी चीनच्या गान्सू प्रांतातील शंभर किलोमीटरच्या शर्यतीत गारा, गोठवणारा पाऊस व सोसाट्याचा वारा यांमुळे 172 पैकी 21 धावक मृत्युमुखी पडले. त्यांत लियांग जिंग हा नामांकित धावकही होता. धाराशिवची थंडी इतकी तीव्र नसली, तरी उष्णताऱ्हासाची प्रक्रिया तीच आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील मराठवाड्यातील गारपीट या दृष्टीने विसरता येत नाही. शिवाय काळी माती भिजली की बुटांना चिकटून प्रत्येक पाऊल जड करते, आणि उघड्या माळावर विजेपासून आडोसा मिळत नाही.

पाण्याच्या बाबतीतही अतिरेक वर्ज्य होय. घामावाटे जाते त्याहून अधिक पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण घसरते व मेंदूस सूज येते. टिमोथी नोक्स व त्यांचे सहकारी यांनी 1985 साली दीर्घ शर्यतींतील अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. थंड, पावसाळी दिवशी घाम कमी येत असल्याने हा धोका विशेष संभवतो.

उष्माघात, शीतबाधा आणि सोडियमची घट या तिन्ही अवस्थांचे एक लक्षण समान आहे: बुद्धी भ्रमित होते. ज्या विवेकाने थांबण्याचा निर्णय घ्यावयाचा, तोच प्रथम दुबळा होतो. समूहात ही उणीव इतरांच्या डोळ्यांनी भरून निघते. कोजागरीच्या सुमारास सोलापुराहून तुळजापुरास सुमारे पंचेचाळीस किलोमीटर पायी जाणाऱ्या भाविकांचे उदाहरण बोलके आहे. ते बहुधा रात्री चालतात, म्हणून ऊन टळते. वाटेत पाणी, फराळ व औषधोपचार यांची सोय असते. आणि कोणी अडखळला तर शेजारचा त्यास बसवितो. परंपरेने घडविलेली ही व्यवस्था शरीरशास्त्राशी सुसंगतच आहे.

एकट्या धावकापाशी तो शेजारी नसतो. म्हणून थांबण्याच्या अटी त्याने निघण्यापूर्वी, मन स्वस्थ असताना, लिहून ठेवावयास हव्यात: हुडहुडी भरली, बोलणे अडखळू लागले, पाऊल वाकडे पडू लागले किंवा मेघगर्जना ऐकू आली, की धाव संपली. ठराविक गावी ठराविक वेळी कोणीतरी त्याची वाट पाहावी, त्याच्याशी चार शब्द बोलावे व त्यास परत नेण्याचा अधिकार त्या व्यक्तीस असावा. सारांश, प्रतिकूल हवामानातील एकट्याच्या धावेचे यश सहनशक्तीइतकेच या पूर्वनिश्चित मर्यादांवर अवलंबून असते. आणि त्या मर्यादा त्याच्या थकलेल्या मनाच्या हाती सोपविता येत नाहीत.