सुट्टीच्या दिवशी तोच रस्ता

आज आम्ही सायकलविषयी बोलणार आहोत. सायकल कशी शिकायची किंवा सायकलने पेट्रोलचे पैसे कसे वाचतात, हा मात्र आजचा विषय नाही. ज्या रस्त्याने आपण आठवड्याचे सहा दिवस सायकल मारत कामाला जातो, त्याच रस्त्याने सातव्या दिवशी, काही काम नसताना, नुसते फिरायला जावे, एवढेच आज सांगायचे आहे.

हे ऐकून काही जणी हसल्या असतील. आमच्या गटाच्या बैठकीतही हसूच आले होते. एक मावशी म्हणाल्या, "अगो, सहा दिवस तो चढ चढून गुडघे धरलेत, आणि सातव्या दिवशी पण तोच?" मावशींचा प्रश्न रास्त आहे. म्हणून जरा सावकाश सांगतो.

आपल्या रत्नागिरीत बायकांच्या हातात सायकल कमीच दिसते. देशावर सपाटी आहे, तिकडे पोरी लहानपणीच सायकलवर बसतात. आपल्याकडे घराबाहेर पडले की एक तर चढ नाही तर उतार. खाडी ओलांडली की घाटी, घाटी चढली की सडा. तरीही भाट्ये, फणसोप, तिकडे शिरगाव, मिऱ्या, काळबादेवी अशा किनाऱ्याजवळच्या गावांतून बऱ्याच जणी सायकलने जातात. कोणी शहरात दुकानात कामाला, कोणी घरकामाला, कोणी अंगणवाडीत, कोणी मासळी घेऊन. सायकल बहुतेक वेळा मुलीच्या शाळेसाठी घेतलेली असते. मुलगी कॉलेजला एसटीने जायला लागली की ती आईकडे येते. नवीकोरी सायकल स्वतःसाठी घेतलेली बाई आमच्या ओळखीत एकच आहे.

आता तोच रस्ता का, याबद्दल. पहिली गोष्ट म्हणजे तो पाठ असतो. खड्डा कुठे आहे, कुत्री कुठल्या वळणावर बसतात, वाळूच्या गाड्या कुठून सुसाट येतात, पाणी प्यायला कोणाच्या अंगणात थांबता येईल, हे आपल्याला डोळे मिटून सांगता येते. रस्त्यावरची माणसे आपल्याला ओळखतात. नव्या जागी जायचे तर गाडी हवी, सोबत हवी, खर्च हवा, आणि घरच्यांची परवानगी हवी ती वेगळीच. या रस्त्याला यातले काही लागत नाही. आणि दमलो तर कुठूनही मागे वळता येते.

दुसरी गोष्ट पाहण्याची. कामाच्या दिवशी आपले डोळे चाकापुढच्या हातभर रस्त्यावर असतात आणि मन हजेरीच्या वहीवर. भाट्याचा पूल घ्या. खालून काजळी नदी समुद्राला मिळते. सह्याद्रीत निघून साखरपा, आंजणारी, चांदेराई करत ती इथवर येते. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून सकाळच्या ठरलेल्या वेळी पुलावरून जाताना खाडी रोज वेगळी असते. एक दिवस काठोकाठ पाणी, आठवड्याने त्याच वेळेला चिखल उघडा पडलेला आणि बायका तिसऱ्या, मुळे काढताना वाकलेल्या. आमच्यातली एक जण सात वर्षे त्या पुलावरून जाते. सुट्टीच्या दिवशी कडेला सायकल लावून उभी राहिली तेव्हा म्हणाली, "पाणी रोज तेवढंच असतं असं मला वाटायचं." तिचे माहेर खाडीकाठचेच आहे, म्हणजे भरती-ओहोटी तिला ठाऊक नव्हती असे नाही. फक्त पुलावर थांबायला सवड नव्हती.

पूल ओलांडला की नारळ संशोधन केंद्र लागते, मग सुरूचे बन, डाव्या-उजव्या हाताला वाळू. हिवाळ्यात या किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचे थवे उतरतात, उन्हाळा तापू लागला की निघून जातात. झरी विनायकाचे देऊळ झाले की चढ सुरू होतो. कामाच्या दिवशी हा चढ म्हणजे शिक्षा. सुट्टीच्या दिवशी अर्ध्यावर उतरावे आणि मागे वळून पाहावे. सगळा भाट्याचा किनारा एका रेषेत दिसतो, खाडीचे तोंड दिसते, पलीकडे मांडवी आणि त्याच्याही मागे रत्नदुर्ग. पर्यटक गाड्या थांबवून इथे फोटो काढतात. आपण मात्र रोज त्या देखाव्याकडे पाठ करून चढतो.

ओळखीच्या वाटेवर केवढे काय लपलेले असते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सड्यावरची कातळशिल्पे. जांभ्या कातळात कोरलेले हत्ती, मासे, माणसे, कितीतरी आकृत्या. गुराखी, कवळ तोडायला जाणाऱ्या बायका त्यांच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या चालत होत्या. काही ठिकाणी गावकऱ्यांना ती ठाऊकही होती, पण त्यापलीकडे कोणाचे लक्ष नव्हते. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पायी धुंडाळले, गावातल्या माणसांना विचारत एकेक शिल्प नोंदवले. २०२२ साली कोकणातली नऊ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यात आपल्या रत्नागिरी तालुक्यातले उक्षी आणि जांभरुण आहे, राजापूरचे बारसू, कशेळी, देवीहसोळ आहे. तुमच्या कामाच्या वाटेवर कातळशिल्प सापडेल असे आम्ही म्हणत नाही. पण सड्याकडेने जात असाल तर एकदा थांबून बघायला हरकत काय?

आता जरा अवघड भाग. रस्ता पाठ असतो, सायकल असते, सुट्टीही असते. तरी बाई जात नाही. कारण वाटेत कोणीतरी विचारते, "काय गो, आज सुट्टी ना? मग कुठं चाललीस?" कामाला जाणारी बाई कोणाला खटकत नाही. बाजाराला, दवाखान्यात, देवळात, माहेरी, लग्नाबारशाला जाणारीही नाही. पण कुठेच न जाणारी बाई रस्त्यावर दिसली की लोकांना उत्तर हवे असते. आम्ही बैठकीत विचारले, गेल्या वर्षभरात ही कारणे सोडून घराबाहेर कोण कोण पडली? बराच वेळ कोणी बोलले नाही.

गटाच्या वहीत कर्जाच्या कारणाचा रकाना असतो. सायकलसाठी कर्ज घेतले की तिथे 'कामावर जाण्यासाठी' असे लिहितो. तसे लिहिणे योग्यच आहे, परतफेड त्याच कमाईतून होणार असते. पण ते कारण मग सायकलला कायमचे चिकटते. नवऱ्याची मोटारसायकल रविवारी मित्राकडे जाते, मुलाची क्रिकेटला जाते. आईची सायकल पडवीत उभी राहते, आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही. आपल्या दशसूत्रीत आरोग्याचे सूत्र आहे. ते फक्त रक्त तपासणीच्या शिबिरापुरते नसावे, असे आमचे मत आहे.

काही जणींनी सुचवले, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या दर्शनाला जातो असे सांगायचे, म्हणजे कोणी काही बोलणार नाही. दर्शनाला जायचे असेल तर अवश्य जावे. पण फिरायला जायचे असेल तर देवाचे नाव मध्ये घालू नये. एकदा सबब सांगितली की दर वेळी नवी सबब शोधावी लागते. आमच्या बायका "कुठं नाही, अशीच" असे उत्तर देतात. पहिल्या रविवारी ते तोंडातून निघत नव्हते. नाक्यावरच्या एका आजोबांनी तीन रविवार तोच प्रश्न विचारला. चौथ्या रविवारी त्यांनी फक्त हात वर केला.

सगळ्यांचे जमलेले नाही, हेही सांगायला हवे. रविवार म्हणजे बायकांचा जास्तच कामाचा दिवस. कपडे, दळण, मासळी, मुले घरी. एक जण दोनदा आली आणि मग थांबली. घरात वाद झाला होता. आम्ही तिला आग्रह केला नाही. ज्या जातात त्या सकाळी सव्वासहाला निघतात आणि पावणेआठच्या आत परत येतात, म्हणजे चहाची वेळ फार टळत नाही. एकीने नवऱ्याला चहा करायला शिकवले. त्याचे श्रेय आम्ही सायकलला देतो.

बायका आणि सायकल म्हटले की तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्याची गोष्ट सांगावीच लागते. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिथे मोठे साक्षरता अभियान झाले. शीला राणी चुंकत या तेव्हा जिल्हाधिकारी होत्या. अक्षरे शिकवता शिकवता बायकांना सायकलही शिकवली गेली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडी सेविका, परिचारिका अशा हजारो जणी शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्या पुरुषांच्या सायकली चालवू लागल्या, आणि पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते म्हणून काहींना त्याच जास्त पसंत पडल्या. तिथेही सुरुवातीला लोकांनी नावे ठेवली. सायकलमुळे एसटीची वाट पाहणे सुटले, विक्रीला जास्त गावे फिरता आली, हा फायदा झालाच. पण आपल्याला वाटेल तेव्हा निघता येते, हे त्या बायकांना त्याहून मोठे वाटत होते. आपल्याकडे मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे आणि ते फार उपयोगाचे आहे. पण एसटी सुरूच्या बनापाशी तुमच्यासाठी दहा मिनिटे थांबत नाही.

"दिवसभर राबतो तोच व्यायाम नाही का?" असेही विचारतात. राबणे म्हणजे बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने तासन्‌तास वाकणे किंवा उभे राहणे, डोक्यावर नाही तर कमरेवर ओझे, आणि मनाला घाई. त्याने शरीर झिजते, दम वाढेलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. मध्यम म्हणजे किती, हे ओळखायची सोपी खूण आहे. सायकल चालवताना सोबतिणीशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे सहज जमले तर थोडा जोर लावा. बोलताच येईना, तर उतरा आणि सायकल हातात धरून चाला. चढावर उतरण्यात कमीपणा नाही, आपल्या सायकलींना गिअर नसतात. छातीत दुखणे, चक्कर, रक्तदाब असा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

मावशींच्या गुडघ्यांचे राहिले. त्यांची सायकल आम्ही पाहिली. पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट अगदी खाली ठेवलेली होती. तशी सीट असली की प्रत्येक वेळी गुडघा खूप दुमडतो आणि जोर तिथेच येतो. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट वर हवी. एकदम वर केली तर भीती वाटते, म्हणून दर आठवड्याला बोटभर वर घ्यावी. मावशींनी तसे केले. गुडघे पूर्ण बरे झालेले नाहीत, पण चढ अर्ध्यापर्यंत न उतरता जातो.

टायरमध्ये हवा कमी असली तरी चढ दुप्पट वाटतो. किती हवा भरायची ते टायरच्या कडेवर छापलेले असते. साडी असेल तर पदर खोचावा, ओढणी मागे गाठ मारून बांधावी, आणि चेनवरचे झाकण तुटले असेल तर आधी ते बसवून घ्यावे. दोघी तरी मिळून जावे. रस्त्यावर शेजारी शेजारी न चालवता एकीमागे एक चालवावे, गप्पा थांबल्यावर. कुत्रे अंगावर आले तर उतरून सायकल मध्ये धरावी, जोरात पळवू नये. ओल्या वाळूत सायकल घालण्याचा मोह होतो, तो टाळा. खारे पाणी चेन आणि बेअरिंग खाते. समुद्राकडून आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसावी आणि कड्यांवर थेंब थेंब तेल सोडावे. शिलाई मशीनचे तेल चालते. जास्त झालेले पुसून टाका, नाही तर वाळू चिकटते.

गणपती झाले, पाऊस आता ओसरतो आहे. पण सावलीतल्या रस्त्यावर अजून शेवाळ आहे आणि ओल्या रिंगवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून अजून दोन-तीन आठवडे उतारावर सांभाळून. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावेत, नुसता पुढचा दाबू नये. दसऱ्याला सायकल धुऊन तिला झेंडूचा हार घालतोच आपण. त्याआधी ब्रेकचे झिजलेले रबर तेवढे बदलून घ्या.