सुका माल कुणाचा?

महाराष्ट्रात सहकार म्हटला की साखर कारखाना, दूध संघ, पतपेढी आठवते. तिथे सभासद व्हायला नावावर ऊस, गोठ्यात जनावर किंवा गाठीला ठेव लागते. पुण्यातल्या ‘स्वच्छ’च्या सभासदांकडे यातले काहीच नव्हते. खांद्यावरचे पोते आणि कोणता माल विकला जातो याची जाण, एवढ्यावर कचरावेचकांनी ही सहकारी संस्था उभी केली. आज तिचे ३,०००हून अधिक सभासद आहेत. त्यांत बहुसंख्य बाया, बहुतेक दलित. आधी संघटना झाली, मग संस्था, आणि माझ्या मते सगळे इंगित या क्रमात आहे. हमालांना संघटित करणाऱ्या बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. पुढे महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळाली. २००० सालच्या घनकचरा नियमांनी घरोघरी जाऊन वेगवेगळा केलेला कचरा उचलण्याचे बंधन घातले. म्हणजे रस्त्यावरच्या कचराकुंड्या जाणार, आणि त्यांच्याबरोबर वेचकांची कमाईही. तेव्हा पंचायतीच्या बायांनी कुंडीऐवजी थेट दारातल्या कामावर हक्क सांगितला आणि २००८ साली ‘स्वच्छ’चा महापालिकेशी करार झाला.

या करारातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे सुक्या मालावरचा हक्क. घरटी मिळणारे शुल्क हा कमाईचा एकच भाग. ढकलगाडी आडोशाला लावून बाई पुठ्ठा, पत्रा, काच, दुधाच्या पिशव्या हातांनी निवडते. निवड जितकी नेटकी तितका भंगारच्या दुकानात भाव बरा. ठेकेदाराचे ट्रक हे काम झटपट करतील, असा एक आक्षेप घेतला जातो. उचलण्यापुरते ते खरेही असेल. पण ज्याला टनावर पैसे मिळतात तो निवडायला कशाला थांबेल? दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: जातीने माथी मारलेले काम सहकाराने पक्के केले नाही का? हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. मात्र ठेकेदाराकडे हेच काम याच जातींच्या वाट्याला येते, तेही मालावरच्या हक्काविना. शिवाय, वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, हे शहराला सांगण्याची ताकद एकट्या वेचकाकडे नव्हती. ती संस्थेमुळे आली. तरीही करार मुदतीचाच असतो. मुदत सरत आली की ठेकेदारांची चर्चा सुरू होते, आणि संस्थेच्या हिशेबवह्या बाजूला ठेवून बायांना पुन्हा पंचायतीच्या मोर्चात महापालिकेसमोर उभे राहावे लागते.