ट्रॉलीची पिन नेमकी का तुटते?

उसाचा सीझन सुरू झाला की येरमाळ्यावरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे हायवेवर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या दिसतात. हुकातली पिन बऱ्याचदा वर्कशॉपमध्ये सळई कापून, वर डोकं वेल्ड करून बनवलेली असते. ती तुटली की सगळे म्हणतात, "माल हलका होता." मीही सुरुवातीला तेच धरून चाललो होतो.

मग ढोबळ गणित मांडलं. दोन ट्रॉल्यांचं मिळून वजन २० टन धरा. सपाट रस्त्यावर ओढायला त्याच्या ३ टक्के, म्हणजे साधारण ६ किलोन्यूटन बल लागेल. २५ मिमीची पिन दोन ठिकाणी कातरली जाते, म्हणून कातर प्रतिबल जेमतेम ६ मेगापास्कल. साधं लोखंड २५० ला वाकायला लागतं. मग पिन तुटायलाच नको!

आता समजा, क्लच सोडताना दहापट हिसका बसला. ६० किलोन्यूटन. कातर ६१, तरी चालतंय. पण हुकाच्या दोन पट्ट्यांमध्ये ६० मिमी अंतर असेल आणि ट्रॉलीची कडी मधोमध ओढत असेल, तर पिन वाकते. मधोमध एकवटलेला भार धरला, तर ते प्रतिबल येतं जवळपास ५९० मेगापास्कल. म्हणजे दोष एकट्या लोखंडाचा नाही, मोकळ्या जागेचाही आहे. भोक झिजलं की हिसका आणखी वाढतो. (टीएमटी सळई लेथवर सोलली तर तिची कडक साल निघून जाते, ते वेगळंच!)

रिसर्च करणाऱ्यांनी इथे थांबावं: "कोणतं मटेरियल?" हा प्रश्न घेऊन लॅबमध्ये गेलो असतो, तर हुकातलं अंतर मोजलंच नसतं.

जबाबदारीचं काय? सुटलेल्या ट्रॉलीने कुणाला इजा झाली, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली दावा होतो. मालक आणि विमा कंपनी त्यात येतात. पिन बनवणाऱ्यालाही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधली उत्पादन दायित्वाची तरतूद लागू शकते, पण बिलच नसेल तर पिन त्याचीच हे सिद्ध कसं करणार?

पुरावा खरं तर तुटलेल्या तोंडावर असतो. गुळगुळीत, लाटांसारख्या खुणा दिसल्या तर तडा हळूहळू वाढलेला. फक्त दोन्ही तुकडे जपून ठेवा, आणि जुळतात का बघायला ते एकमेकांवर घासू नका. आपल्याकडे ते त्याच संध्याकाळी भंगारात जातात.