कठीण लाकूड : मोजणी, किंमत व खरेदी

रुंद पानांच्या द्विदलिकित वृक्षांपासून मिळणाऱ्या लाकडास व्यापारात कठीण लाकूड म्हणतात. साग, शिसवी, ऐन, बिबळा, शिवण, बाभूळ, ओक, अक्रोड ही त्याची उदाहरणे होत. देवदार, चीड इ. शंकुमंत वृक्षांचे लाकूड मऊ लाकूड या वर्गात येते. हा भेद वनस्पतिशास्त्रीय असून प्रत्यक्ष कठीणपणावर आधारलेला नाही, उदा., बाल्सा हे अत्यंत हलके व मऊ असूनही कठीण लाकडात मोडते. लाकडाचा भाव घनफळावर आकारला जातो. परंतु कारागिराच्या उपयोगी पडतो तो त्या घनफळाचा काही भागच. त्यामुळे वखारीतील भाव हा लाकडाच्या खऱ्या किंमतीचा केवळ एक घटक असतो.

मोजणी : ओंडक्याचे घनफळ काढण्याची जुनी व भारतात अद्याप रूढ असलेली रीत म्हणजे चतुर्थांश घेराची रीत होय. एडवर्ड हॉपस या इंग्रज लेखकाच्या १७३६ मधील कोष्टकांमुळे ती प्रसिद्धीस आली. या रीतीत ओंडक्याच्या मध्यावरील घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग करून त्यास लांबीने गुणतात. घेर ४ फूट व लांबी १० फूट असल्यास घनफळ १ × १ × १० = १० घ. फूट येते. त्याच मापाच्या वृत्तचितीचे खरे घनफळ सु. १२·७३ घ. फूट असते, म्हणजे या रीतीने खऱ्या घनफळाच्या सु. ७८·५ टक्केच माप धरले जाते. कापताना जाणारे बाजूंचे गोलसर तुकडे व भुसा यांची ही अंशतः भरपाई असते.

कापीव लाकडाच्या बाबतीत इंचांतील जाडी व रुंदी आणि फुटांतील लांबी यांच्या गुणाकारास १४४ ने भागले असता घनफूट मिळतात. १ इंच जाड, ६ इंच रुंद व ८ फूट लांब फळी म्हणजे १/३ घ. फूट. एक घनमीटर म्हणजे सु. ३५·३ घ. फूट. माप बहुधा रंधा मारण्यापूर्वीचे धरतात. पाऊण इंच जाडीची तयार फळी हवी असेल, तर साधारणपणे एक इंच जाडीच्या लाकडाची किंमत द्यावी लागते.

किंमत ठरविणारे घटक : लाकडाची जात, वय, घेर, सरळपणा, दोष व वाहतूक यांवर भाव अवलंबून असतो. भारतातील वनखात्यांच्या लागवडींत सागाची तोड साधारणपणे ५० ते ८० वर्षांनी होते, म्हणून मोठ्या घेराचा माल थोडा व महाग असतो. आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतून येणारा बराचसा साग कमी वयाच्या लागवडींतील असतो. त्यात रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असते. सागाचे सोनेरी तपकिरी मध्यकाष्ठ टिकाऊ असते, तर फिकट रसकाष्ठास कीड व बुरशी लागते. म्हणून दोहोंचा भाव सारखा असणे गैर ठरते. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातल्याने तेथील सागाची टंचाई वाढली. महाराष्ट्रात चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील साग प्रसिद्ध असून वनखाते व १९७४ मध्ये स्थापन झालेले वन विकास महामंडळ यांच्या आगारांतून ओंडक्यांचा लिलाव होतो. बल्लारपूर हे त्याचे एक प्रमुख केंद्र आहे.

ओंडका की फळी : ओंडक्याचा भाव फळीच्या भावाहून कमी दिसतो, तथापि दोहोंची सरळ तुलना करता येत नाही. वरील १० घ. फुटांच्या ओंडक्याचा भाव हिशेबापुरता घ. फुटास २,००० रुपये आणि कटाई व वाहतूक १,००० रुपये धरली, तर एकूण खर्च २१,००० रुपये होतो. त्यातून ७ घ. फूट कापीव माल निघाल्यास तो घ. फुटास ३,००० रुपये पडतो. शिवाय ओंडक्यातील पोकळी, सड किंवा कीड कापल्याखेरीज दिसत नाही. ही जोखीम फळ्या विकत घेणाऱ्यावर पडत नाही.

फळ्यांची तुलनाही अशीच करावी लागते. घ. फुटास ३,००० रुपये भावाच्या मालापैकी ८० टक्के उपयोगी पडल्यास खरी किंमत ३,७५० रुपये होते. २,४०० रुपये भावाच्या मालापैकी ६० टक्केच उपयोगी पडल्यास ती ४,००० रुपये होते. येथे कमी भावाचा मालच महाग ठरतो.

प्रतवारी : गाठी, भेगा, पीळ, बाक, किडीची छिद्रे व रसकाष्ठ यांवरून प्रत ठरते. अमेरिकेतील कठीण लाकडाची प्रतवारी १८९८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कठीण लाकूड संघाच्या नियमांनुसार होते व तेथून आयात होणाऱ्या ओक, ॲश, अक्रोड यांच्या फळ्यांनाही ती लागू असते. सर्वोच्च प्रतीच्या फळीतून सु. ८३ टक्के, पहिल्या सामान्य प्रतीतून सु. ६७ टक्के व त्याखालील प्रतीतून ५० टक्के निर्दोष तुकडे निघावे लागतात. सामान्य प्रतीत हे तुकडे आखूड असले तरी चालतात. म्हणून मोठ्या मेजाच्या पृष्ठास वरची प्रत योग्य, तर पेटी, खुर्ची, खण यांसारख्या लहान भागांच्या कामास सामान्य प्रत किफायतशीर ठरते.

जलांश : ओल्या लाकडातील पाण्याचे प्रमाण सु. २५ ते ३० टक्क्यांखाली उतरू लागले की लाकूड आकसते. वर्षवलयांच्या स्पर्शीय दिशेतील आकुंचन अरीय दिशेतील आकुंचनाच्या साधारण दीड ते दोन पट असल्याने फळीस बाक येतो. घरातील फर्निचरसाठी जलांश साधारणपणे ८ ते १२ टक्के असावा. किनारपट्टीच्या दमट हवेत तो काहीसा अधिक चालतो. स्वस्त म्हणून घेतलेले ओले लाकूड वाळल्यावर मापाने घटते, काही फळ्या फाटतात आणि घाईने वापरल्यास सांधे सुटतात. सावलीत, वारा खेळेल अशा रीतीने मध्ये पट्ट्या ठेवून रचण्यास जागा व काही महिन्यांची सवड असेल, तरच असे लाकूड परवडते.

काटकसरीचे मार्ग : खरेदीपूर्वी प्रत्येक भागाची जाडी, रुंदी व लांबी यांची यादी करावी आणि करवतीच्या कापासाठी व रंध्यासाठी वाढावा धरावा. लांब व रुंद फळ्यांचा भाव चढा असतो. आखूड भागांसाठी आखूड तुकडेच निवडावेत. दर्शनी भागास साग वापरून आतील भागास दुय्यम लाकूड वापरता येते. शिवण हलके असून वाळल्यावर फारसे वाकत नाही; बाभूळ व ऐन मजबूत, पण जड व घडविण्यास अवघड असतात; आंबा स्वस्त, परंतु त्यास कीड लवकर लागत असल्याने त्यावर संरक्षक प्रक्रिया आवश्यक असते. जुन्या वाड्यांच्या पाडकामातील सागाच्या तुळया व खांब चांगले मुरलेले असतात. मात्र त्यांतील खिळे, खाचा व वाळवीने पोखरलेला भाग वजा करूनच भाव ठरवावा.

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या ४१ व्या कलमान्वये राज्यांनी लाकडाच्या वाहतुकीचे नियम केले आहेत. खरेदीची पावती व आवश्यक तेथे वाहतूक परवाना नसलेला माल जप्त होऊ शकतो. त्यामुळे कागदपत्रांशिवाय मिळणाऱ्या स्वस्त लाकडात गिऱ्हाइकाची सर्व रक्कम बुडण्याचा धोका असतो.