घरातले नेचे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेचे, म्हणजे बोलण्यातले ‘फर्न’, या फुले, फळे आणि बिया न येणाऱ्या, पण मुळे, खोड आणि पाने असणाऱ्या वनस्पती आहेत. जगात त्यांच्या सुमारे साडेदहा हजार जाती ज्ञात असून बहुतेक उष्ण, दमट प्रदेशांत आढळतात. घरात सर्वाधिक दिसतो तो बोस्टन फर्न. १८९४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाहून बोस्टनकडे धाडलेल्या ताठ पानांच्या नेच्यांमध्ये कमानीसारखी झुकणारी पाने असलेले एक वेगळे रोप आढळले आणि त्यापासून हा प्रकार जगभर पसरला. त्याखालोखाल बर्ड्स नेस्ट फर्न, स्टॅगहॉर्न फर्न आणि हंसराज हे नेचे लावले जातात.

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील चलथाण हे उसाच्या पट्ट्यातले, महामार्गावरचे आणि उधना–जळगाव लोहमार्गावरचे गाव. खानदेशातून याच मार्गाने आलेली अनेक मराठी कुटुंबे सुरतच्या या परिसरात स्थिरावली आहेत. इथल्या गॅलरीत पावसाळ्यात आणलेला नेचा श्रावणात भरगच्च होतो आणि होळीच्या सुमारास करपतो. दोष रोपाच्या नाजूकपणाला दिला जातो. खरी कारणे मात्र हवा, माती आणि पाणी यांत असतात.

गैरसमज : नेचा थंड हवेतला, सुरतकडच्या उष्म्यात तो जगत नाही.
वस्तुस्थिती : घरात लावले जाणारे बहुतेक नेचे उष्ण कटिबंधातलेच आहेत. उष्म्यापेक्षा कोरडी हवा त्यांना जास्त मारते. चलथाणला जून ते सप्टेंबर हवा दमट असते, म्हणून नेचा वाढतो. हिवाळा सरता सरता दुपारची हवा कोरडी होते आणि पानांतून पाणी जितक्या वेगाने उडते तितक्या वेगाने मुळे ते पुरवू शकत नाहीत. त्यातच पंख्याचा थेट झोत किंवा एसीची कोरडी हवा लागली की पानांची टोके तपकिरी पडतात.

रानातले नेचे ऋतूंशी जुळवून घेतात. डांगच्या आणि सह्याद्रीच्या जंगलांत झाडांच्या खोडांवर वाढणारे बाशिंग कोरड्या दिवसांत हिरवी पाने टाकते. खोडाला चिकटलेल्या तपकिरी पानांत पालापाचोळा साठतो आणि त्यावर ते तग धरते. विहिरींच्या कडांवरचा हंसराज उन्हाळ्यात दिसेनासा होतो आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतो. मयूरशिखा हा लहानसा नेचा तर कोरड्या भिंतींच्या फटींतही वाढतो.

गैरसमज : नेचा पाणथळ जागेतला, म्हणून कुंडी कायम चिंब ठेवावी.
वस्तुस्थिती : नेच्याला ओलावा हवा, चिखल नको. जंगलात त्याची बारीक मुळे कुजलेल्या पाल्याच्या भुसभुशीत थरात पसरतात. तिथे ओल टिकते आणि हवाही खेळते. चलथाणच्या शिवारातली काळी माती उसाला मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. तीच कुंडीत भरली की ओली असताना हवा कोंडते आणि सुकली की भेगाळते. मुळे आधी गुदमरतात, मग तुटतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही, त्यामुळे पाने तहानलेल्या रोपासारखी मलूल होतात. ते पाहून आणखी पाणी घातले जाते आणि रोप हातचे जाते.

दोन भाग पानकुजीचे खत किंवा कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा पर्लाइट हे मिश्रण बोस्टन फर्नला चांगले चालते. कुंडीला तळाशी भोक हवे आणि ताटलीत साचलेले पाणी ओतून द्यावे. बोट पेरभर खुपसून पाहावे. वरचा थर जेमतेम सुकू लागला असेल तर भरपूर पाणी द्यावे, ओला असेल तर थांबावे. वारावर बांधलेले वेळापत्रक उपयोगाचे नाही, कारण ऑगस्टमधली आणि एप्रिलमधली गरज सारखी नसते.

गैरसमज : नेच्याला अंधारा कोपरा आवडतो.
वस्तुस्थिती : सावली आणि अंधार एक नव्हेत. झाडांखाली उभ्या नेच्यालाही गाळून आलेला उजेड दिवसभर मिळतो. खोलीच्या आतल्या कोपऱ्यात तो मिळत नाही. मग पाने विरळ, फिकट होतात आणि पर्णिका गळून पडतात. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी उत्तम. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारचे ऊन पाने जाळते, तिथे हिरवी जाळी लावावी. हात धरल्यावर पुसट, मऊ कडांची सावली पडत असेल तर उजेड योग्य आहे.

गैरसमज : दिवसातून दोनदा पाणी फवारले की आर्द्रतेची सोय झाली.
वस्तुस्थिती : फवाऱ्याने वाढलेली आर्द्रता काही मिनिटांतच ओसरते. महामार्गाची धूळ धुऊन निघते हा खरा फायदा. मात्र बर्ड्स नेस्ट फर्नच्या मधल्या खळग्यात पाणी साठून राहिले तर नवी पाने कुजू शकतात. अनेक कुंड्या एकत्र ठेवणे, रोप पंख्यापासून दूर हलवणे, खिडकी असलेल्या न्हाणीघरात त्याला जागा देणे हे उपाय जास्त टिकाऊ ठरतात.

गैरसमज : आरओचे वाया जाणारे पाणी नेच्याला द्यायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : यंत्र पाण्यातले क्षार वेगळे काढते आणि ते त्या सोडून दिलेल्या पाण्यातच एकवटलेले असतात. नेच्याची मुळे क्षारांना लवकर बळी पडतात. मातीवर पांढरा थर आणि करपलेल्या कडा ही त्याची लक्षणे. क्षारयुक्त बोअरवेलच्या पाण्यानेही तेच होते. पावसाचे साठवलेले पाणी सर्वोत्तम. खतही वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, सांगितलेल्या मात्रेच्या निम्मेच द्यावे.

गैरसमज : पानांखालचे तपकिरी ठिपके म्हणजे रोग.
वस्तुस्थिती : ते बहुधा बीजुकांचे पुंजके असतात. बीजुक म्हणजे धुळीसारखे सूक्ष्म कण, ज्यांपासून नेच्याची पुढची पिढी सुरू होते. बीजुक ओल्या जागी रुजले की नखाएवढी किंवा त्याहून लहान, हृदयाच्या आकाराची हिरवी चकती तयार होते. तिच्यावर नर-मादी पेशींचे मीलन होऊन नवा नेचा उगवतो आणि त्या मीलनासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. पिढ्यांची ही अदलाबदल जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म होफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये उलगडून दाखवली.

पुंजके ओळखणे सोपे आहे. बोस्टन फर्नवर ते पर्णिकांच्या कडेने ओळीत असतात, बर्ड्स नेस्टवर तिरप्या रेघांत, तर हंसराजवर दुमडलेल्या कडांखाली. खवले कीड मात्र कशीही विखुरलेली असते, देठांवरही चढते, नखाने सुटते आणि चिकटपणा मागे ठेवते. पुंजके कीड समजून कीटकनाशक मारले तर त्यानेच पाने भाजू शकतात.

गैरसमज : एक नेचा खोलीची हवा शुद्ध करतो आणि रात्रंदिवस प्राणवायू देतो.
वस्तुस्थिती : या समजाचे मूळ बी. सी. वोल्व्हर्टन यांनी नासासाठी केलेल्या, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आहे. घरातली झाडे लहानशा हवाबंद पेट्यांत ठेवून दूषित वायू किती घटतात हे त्यांनी मोजले. पुढच्या प्रयोगांत बोस्टन फर्नने फॉर्माल्डिहाइड चांगले शोषले. पण घर हवाबंद पेटी नसते. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला गेला. त्यानुसार इमारतीत एरवी होणाऱ्या हवापालटाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील. खिडकी उघडणे अधिक उपयोगी. रात्री नेचाही इतर बहुतेक झाडांप्रमाणे प्राणवायू घेतोच.

गैरसमज : अ‍ॅस्परॅगस फर्न हा नेचाच.
वस्तुस्थिती : पुष्पगुच्छांत दिसणारी ही मऊ हिरवळ शतावरीच्या कुळातली आहे. तिला फुले आणि बोरांसारखी लहान फळे येतात, ती बियांपासून वाढते आणि मांसल मुळांमुळे कोरडेपणा नेच्यापेक्षा बराच जास्त सोसते.

गैरसमज : पाने वाळली म्हणजे नेचा मेला.
वस्तुस्थिती : वाढीचा कोंब मातीलगतच्या खोडात असतो. ते टणक आणि आतून ओलसर असेल तर वाळकी पाने तळाशी कापावीत, कुंडी सावलीत ठेवून माती किंचित ओली राखावी. नवी पाने गुंडाळलेल्या स्थितीत वर येऊन हळूहळू उलगडतात. कुंडी बदलायला आणि गड्डा विभागायला पावसाळ्याची सुरुवात योग्य. बोस्टन फर्नचे बीजुक सहसा वांझ असल्याने त्याची रोपे विभागणीने किंवा धावत्या खोडांवर फुटलेल्या कोंबांपासूनच करावी लागतात.